कच्चं मांस दिलं की कुत्र्याचे आखडलेले सांधे मोकळे होतात का?

मागच्या वेळी या पानावर म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांबद्दल लिहिलं होतं आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, कच्चं मांस आणि कच्ची हाडं द्यायला लागलो तर फरक पडेल का. म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच देते. पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : डॉक्टर, आमचा लॅब्रॅडॉर ९ वर्षांचा आहे, वजन ४१ किलो. सकाळी उठताना आधी पुढचे पाय टेकतो आणि मग मागचा भाग कसाबसा ओढून उभा राहतो, जिना तर बंदच केलाय त्याने. माझ्या मैत्रिणीने तिच्या कुत्र्याचं कोरडं फूड बंद करून हाडासकट कच्चं चिकन सुरू केलं आणि तिचा कुत्रा दीड महिन्यात पळायला लागला. मुलगी म्हणते आई आपणही करूया. करू का?

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी ४१ हा आकडा दिसला. लॅबचा नर साधारण २९ ते ३६ किलोच्या आसपास असतो, म्हणजे तुमचा मुलगा पाच-सहा किलोची पिशवी चोवीस तास पाठीवर घेऊन फिरतोय, आणि तीसुद्धा दुखऱ्या मागच्या पायांवर.

आता मैत्रिणीच्या कुत्र्याचं काय झालं असेल ते बघू, कारण ती खोटं बोलतेय असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक घरांत कोरडं फूड वाटीत ओतून ठेवलेलं असतं, कोणी मोजत नाही, येता-जाता भर पडते. कच्चं सुरू केलं की माणूस पहिल्यांदा वजनकाटा घेतो, दिवसाचं इतकंच म्हणून मोजून देतो, बिस्किटं बंद होतात, आणि कुत्रा दीड महिन्यात दोन-तीन किलो उतरतो. सांध्याला आराम पडला तो त्या उतरलेल्या वजनाने, पण श्रेय मिळालं कच्चेपणाला. शिवाय संधिवाताचा त्रास असाही कमी-जास्त होतच असतो, आपण उपाय शोधायला लागतो तो नेमका सगळ्यात वाईट आठवड्यात आणि त्यानंतर थोडं बरं वाटणारच असतं.

वजनाचं मी नुसतं अंदाजाने बोलत नाहीये. पुरीना या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक अभ्यास केला होता, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या, एकाला नेहमीचं खाणं आणि दुसऱ्याला त्याच खाण्यातलं २५ टक्के कमी, आणि हे आयुष्यभर. २००२ मध्ये निकाल छापून आला. कमी खाणाऱ्या गटाचं मधलं आयुष्य, म्हणजे गटातली निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते, १३ वर्षं निघालं आणि दुसऱ्या गटाचं ११.२. सांध्यांचा आकडा तर मला अजून जास्त बोलका वाटतो, भरपूर खाणाऱ्या गटातल्या निम्म्या कुत्र्यांना संधिवातासाठी कायमचे उपचार लागायला लागले तेव्हा वय होतं १०.३ वर्षं, कमी खाणाऱ्यांत तेच १३.३. तीन वर्षं, ताई. दोन्ही गटांना खाणं तेच होतं, फरक फक्त किती घातलं याचा.

आणि उशीर झाला असंही समजू नका. जाड आणि संधिवात असलेल्या कुत्र्यांचं वजन साधारण ६ टक्के उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं मोजून दिसलंय. तुमच्या ४१ किलोंत ते होतात अडीच किलो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के एवढ्याच वेगाने उतरवा, म्हणजे चारशे ते आठशे ग्रॅम, त्याहून घाई केली तर चरबीबरोबर मांडीचे स्नायूही जातात आणि मग दुखरा सांधा धरून ठेवायला काहीच उरत नाही. फूड मापाने नाही, काट्यावर मोजून द्या. खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि घरातल्या प्रत्येकाने, हो मुलीनेसुद्धा, एकाच डब्यातून द्यायचा, डबा रिकामा झाला की त्या दिवशी खाऊ संपला. बरगड्यांवर हात फिरवून बघत जा, दाबायला न लागता एकेक बरगडी बोटांना लागली पाहिजे.

पण हे सुरू करायच्या आधी व्हेटकडे जा, एक्सरे काढा आणि दुखण्याचं औषध सुरू करा. दुखतंय म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की अजून दुखतं, हे चक्र आहे ना ते नुसत्या डाएटने फार हळू तुटतं, औषधाने आधी दुखणं उतरवलं की तो स्वतःच चालायला लागतो. आणि लंगडणं म्हणजे दरवेळी संधिवातच असतो असंही नाही. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, तुटलेला असतो, गोचिडांमधून होणाऱ्या तापात सांधे सुजतात, मोठ्या जातींत हाडाचा कॅन्सर निघतो, आणि यातलं काहीही मांस बदलून बरं होणारं नाही.

प्रश्न : लांडगे काय मांस शिजवून खातात का? कुत्रा हा लांडगाच ना शेवटी? मग आपण निसर्गाच्या विरोधात का जायचं?

लांडग्याचाच वंश, पण माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं काढलेला. २०१३ साली एक मोठा जनुकीय अभ्यास आला, त्यात दिसलं की पिष्ट पचवणारं एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे आपल्या खरकट्यावर जगता जगता त्याचं पोटच बदललं. आणि जंगलातल्या लांडग्याला म्हातारपण फारसं बघायलाच मिळत नाही, बहुतेक सहा-सात वर्षांतच संपतात. आपल्याला तेराव्या वर्षीसुद्धा आपलं कुत्रं बागेपर्यंत चालत जायला हवंय, ते निसर्गाने लांडग्याकडून कधी मागितलेलंच नाही.

प्रश्न : कोंबडीचे पाय, श्वासनलिका, कुर्चा यात नैसर्गिक ग्लुकोसामाइन आणि कोलॅजन असतं म्हणून कच्चं द्यायचं असं एका ग्रुपवर सांगतात. गोळ्यांपेक्षा हे बरं नाही का? आणि फिश ऑइल किती द्यायचं?

कोंबडीच्या पायांत कोलॅजन आणि कुर्चेचे, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं त्या गुळगुळीत मऊ हाडाचे, घटक असतात हे खरंय. पण खाल्लेली कुर्चा उठून गुडघ्यातल्या कुर्चेत जाऊन बसत नाही, पोटात तिचे तुकडे होतात आणि शरीर ते तुकडे हवे तिथे वापरतं. सांध्यातल्या कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला जे काही मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, म्हणून ती झिजली की भरून येत नाही, कच्च्यानेही नाही आणि शिजवलेल्यानेही नाही. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या, म्हणजे कुर्चेतल्याच घटकांच्या, गोळ्यांचा पुरावासुद्धा कमकुवत आहे, काही अभ्यासांत थोडा फरक, काहींत शून्य. मी त्या बंद करा म्हणत नाही, पण त्या पैशात पेनकिलर आणि फिश ऑइल यातलं काही राहणार असेल तर आधी हे दोन घ्या.

फिश ऑइलबद्दल मात्र मी मनापासून सांगते, खाण्यातून सांध्यांना मदत करणाऱ्या गोष्टींत सगळ्यात भरवशाचं तेच आहे. त्यातले ईपीए आणि डीएचए हे दोन ओमेगा-३ सूज कमी करतात, आणि संधिवाताच्या कुत्र्यांवर त्याचे चांगले अभ्यास झालेत. फक्त लेबल नीट वाचा, १००० मिलिग्रॅम असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए १२० असतं, म्हणजे आपल्या कामाचं ३००च, बाकी नुसतं तेल. सांध्यांसाठी डोस केसांच्या चमकीसाठी देतात त्यापेक्षा बराच जास्त लागतो, तो वजनावरून व्हेटकडून काढून घ्या आणि थोड्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत चढवा, नाहीतर जुलाब लागतील. तेल म्हणजे कॅलरी, तेवढं खाणं कमी करायला विसरू नका. कुठलं ऑपरेशन ठरलं असेल तर फिश ऑइल चालू आहे हे आधी सांगा, कारण रक्त गोठण्यावर त्याचा थोडा परिणाम होतो. आणि कॉड लिव्हर ऑइल हे फिश ऑइल समजून देऊ नका, ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व एवढं असतं की सांध्यांच्या डोसात दिलं तर विषबाधा होईल. जवसाच्या तेलाचंही बरेच जण विचारतात, त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे आणि कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए फारच थोडं बनतं.

प्रश्न : आमची कुत्री ७ वर्षांची, दोन वर्षं कच्च्या चिकनवर आहे, एकदम मस्त होती. चार दिवसांपूर्वी मागचे पाय लटपटायला लागले, काल पुढचेही, भुंकण्याचा आवाजही बसलाय. संधिवात वाढला समजून तेलाने मसाज करतोय. अजून काय करू?

यांना मी छापील उत्तराची वाट बघायला लावली नाही, पत्र मिळाल्या मिळाल्या कळवलं की मसाज थांबवा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. बाकीच्यांसाठी इथे लिहितेय.

संधिवात असा चार दिवसांत मागून पुढे चढत नाही आणि आवाज तर कधीच बसवत नाही. मागचे पाय लुळे, मग पुढचे, भुंकणं बदललेलं, हे चित्र नसांच्या मुळांना सूज येण्याच्या आजाराचं असू शकतं, त्याला पॉलिरॅडिक्युलोन्यूरायटिस म्हणतात, माणसांतल्या गियाँ-बारे सिंड्रोमचा भाऊच समजा. २०१८ साली मेलबर्न विद्यापीठातल्या व्हेट लोकांनी अशी २७ कुत्री आणि ४७ निरोगी कुत्री यांची तुलना केली, आजारी कुत्र्यांच्या शीमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडण्याची शक्यता नऊ पटीहून जास्त निघाली आणि कच्चं चिकन खाण्याशी त्याचा संबंध लागला. कच्चं चिकन खाणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं नाही, हा आजार तसा कमीच दिसतो, पण ज्याला होतो त्याचा लकवा श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेला तर जीव जातो. बहुतेक कुत्री नीट सांभाळली तर आठवड्या-महिन्यांत पुन्हा उभी राहतात. मणक्याची गादी सरकल्यानेही पाय जातात, तेही तातडीचंच. म्हणून पाय अचानक गेले तर घरी थांबायचं नाही, आणि डॉक्टरांना कच्चं खाणं चालू आहे हे न विचारता सांगायचं, ओरडतील म्हणून लपवायचं नाही.

प्रश्न : ग्रेट डेनचं पिल्लू घेतलंय, ३ महिन्यांचं. ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणाले फक्त कच्चं मांस आणि वरून कॅल्शियमची पावडर द्या, हाडं आणि सांधे दणकट होतील. बरोबर आहे ना?

दादा, हे वाचून मला खरंच काळजी वाटली, आज संध्याकाळपासूनच बदला.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, प्रमाण साधारण १५-२० फॉस्फरसला १ कॅल्शियम असं. पिल्लाला कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. नुसतं मांस खाऊन रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की शरीर ते हाडांतून ओढतं, हाडं खडूसारखी ठिसूळ होतात, पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. म्हणून मग लोक अंदाजाने पावडर टाकतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतात, कारण लहान पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम नको म्हणता येत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंच आत घेतलं जातं. ग्रेट डेन पिल्लांवरच हे प्रयोग झालेत, जादा कॅल्शियमने त्यांची हाडं वेडीवाकडी वाढली आणि सांध्यातल्या कुर्चेचे पापुद्रे सुटले. म्हणजे ज्या सांध्यांसाठी पावडर घातली तेच सांधे वर्षभरात बिघडतात आणि मग जन्मभर बिघडलेलेच राहतात.

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं म्हणून जे वेगळं फूड येतं ते द्या, पाकिटावर वाढत्या वयासाठी संपूर्ण आणि मोठ्या आकाराच्या कुत्र्यांसह असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, आणि वरून काहीही पावडर नाही. आणि गुबगुबीत करू नका. डेनचं पिल्लू थोडं लुकडं, सावकाश वाढलेलं चांगलं, त्याची पूर्ण उंची त्याला मिळतेच, घाई केल्याने फक्त सांध्यांवर भार येतो. मांस आवडतं तर शिजवलेले दोन तुकडे ट्रेनिंगच्या वेळी द्या, मी काही त्याचा आनंद काढून घेत नाहीये.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाई ८१ वर्षांच्या आणि बाळ ५ महिन्यांचं आहे. कुत्र्याला कच्चं खाणं सूट झालंय, केस आणि शी दोन्ही छान. फ्रीझरमध्ये ठेवून देतो, म्हणजे जंतू मरत असतील ना?

नाही मरत. फ्रीझरमध्ये काही परजीवी मरतात, बॅक्टेरिया नुसते झोपतात आणि मांस वितळलं की उठतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१० ते २०१२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या तयार कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले होते, १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनस निघाला. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसतो पण शीमधून, लाळेतून जंतू टाकत राहतो, मग तो बाळाचा हात चाटतो, आजींच्या पलंगावर बसतो. पाच महिन्यांचं बाळ आणि ८१ वर्षांची बाई एकाच घरात असताना मी कच्चं द्या म्हणणार नाही, आणि घरात कोणी गरोदर असेल, कोणाची केमो चालू असेल तरी हेच उत्तर.

तुम्हाला जे आवडलंय ना, चांगली शी, चमकदार केस, ते बहुतेक चांगल्या प्रथिनांमुळे, फॅटमुळे आणि पचायला हलक्या खाण्यामुळे आहे, आणि ते सगळं शिजवूनही मिळतं. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला गेलं की काम झालं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, शिजवताना हाडं काढून टाका कारण शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन फुटतं आणि आतडं फाडतं, आणि हाड गेलं म्हणजे कॅल्शियमही गेलं, तेव्हा प्राण्यांच्या आहाराची जाण असलेल्या व्हेटकडून रेसिपी लिहून घ्या.

ज्यांच्या घरी अशी माणसं नाहीत आणि ज्यांनी कच्चंच द्यायचं ठरवलंय त्यांना मी दार लावून घेत नाही, मला विचारून नीट दिलेलं बरं, लपवून चुकीचं दिलेलं नको. ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव हा जो हिशोब सगळीकडे फिरतो तो संपूर्ण आहार नाही, त्यात ई जीवनसत्त्व, झिंक, आयोडीन आणि मँगनीज कमी पडतं, आणि मँगनीज तर लिगामेंट आणि कुर्चा बांधायलाच लागतं, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून केलेला आहार नेमका सांध्यांतच तोकडा. कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठून हाडांवर नको तिथे वाढ होते. कच्चं डुकराचं मांस अजिबात नको, त्यातून ऑजेस्की नावाचा आजार होऊ शकतो आणि तो कुत्र्यात जीवच घेतो. मेंढ्या-शेळ्यांचे कच्चे अवयव नकोत, त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की आपल्या यकृतात गाठी होतात. मोठी कडक हाडं चघळायला दिली तर वरची मोठी दाढ फुटते, ती काढायला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला भूल शक्यतो टाळलेली बरी. मांस फ्रीजमध्येच वितळवा, ओट्यावर नाही. वाटी प्रत्येक जेवणानंतर गरम पाण्याने, साबणाने, वेगळ्या स्क्रबरने. हात २० सेकंद. जेवल्यावर तासभर तरी तोंड चाटू देऊ नका, त्याला वाईट वाटेल पण होईल सवय.

प्रश्न : दुखणं फार वाढलं तर आमच्या घरातली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी चालेल का?

नाही, पाव पण नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी बंद पडते. कुत्र्यांसाठी तपासलेली कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब अशी औषधं आहेत, महिन्याला एकदा द्यायचं बेडिनव्हेटमॅब हे इंजेक्शनही आलंय, त्यातलं कुठलं चालेल ते रक्त तपासून ठरवतात. आणि यातल्या कार्प्रोफेनसारख्या दोन पेनकिलर कधीही एकत्र द्यायच्या नाहीत.

प्रश्न : मावशी, मी कॉलेजमध्ये आहे, आमची म्हातारी कुत्री १४ वर्षांची आहे आणि तिला मासा प्रचंड आवडतो. कच्चा नको म्हणता तर शिजवल्यावर त्यातलं चांगलं तेल निघून जाईल ना? तिला आता जेवणात तेवढाच आनंद उरलाय.

नाही गं, जात नाही. वाफवला किंवा थोड्या पाण्यात शिजवला तर ओमेगा-३ बरंचसं माशातच राहतं आणि जे सुटतं ते पाण्यात उतरतं, ते पाणी तिच्या जेवणावरच ओत, कोरडं फूड त्यात भिजलं की तिच्या म्हाताऱ्या दातांनाही सोपं. बांगडा, तारली असे तेलकट लहान मासे घे, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, काटे बोटांनी चाचपून काढ, एकदा काढून झाले की परत एकदा बघ. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, शिजवलं की तेही संपतं. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि त्या दिवशी बाकीचं जेवण थोडं कमी.

आणि अजून एक, ती जिथे जेवते तिथली फरशी गुळगुळीत असेल तर तिथे रबरी चटई टाक आणि वाटी तिच्या छातीच्या उंचीला येईल अशी ठेव, मान खाली घालून मागचे पाय घसरत असताना तिला मासा नीट चाखता येत नसेल.